डॉक्टरांना विचारा

"बाबा, हे तुमचंच ना?" खांद्यावरची पिशवी न उतरवताच मुलीनं कागद माझ्यापुढे धरला.

ती लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. मी एका वैद्यकीय मासिकाची मुद्रितं तपासतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर तेवढंच जमतं. तेही धड जमतं का, कोण जाणे.

लेख झटक्यांवरच्या औषधाचा होता. त्यात छापलं होतं : 'बाळांना २५ मिलिग्रॅम द्यावे. इथे २.५ हवे का? डॉक्टरांना विचारा.'

शेवटची दोन वाक्यं माझी. लेखातल्याच तक्त्यात २.५ होतं, म्हणून मी ती समासात लाल शाईनं लिहिली होती. जुळणी करणाऱ्यानं उचलून मजकुरात बसवली. संपादक, दोन तज्ज्ञ परीक्षक, कुणालाच खटकली नाहीत. खटकायला आधी वाचावं लागतं.

"नवे डॉक्टर म्हणाले, यात दिलाय तेवढा डोस भर. सिरिंज हातात घेतली आणि हे दिसलं. म्हटलं, ही तर आमच्या बाबांची खोड! थेट मोठ्या डॉक्टरांना बोलावलं."

"बाळ?"

"दूध पितंय मजेत."

दुसऱ्या दिवशी मी मासिकाच्या कचेरीत गेलो. एक खोली, दोन कॉम्प्युटर, भिंतभर चौकटीतली प्रमाणपत्रं.

"अहो काका, होतं असं," संपादक हसले. "लिहिणाऱ्या डॉक्टरांना बढतीसाठी लेख हवा होता. पैसे भरले, चौथ्या दिवशी छापला. असलं वाचतं कोण?"

"पण परीक्षक?"

"एक आमचे मेहुणे. टाइल्सचं दुकान आहे त्यांचं. दुसरे तुम्ही!"

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. माझं नाव होतं. पुढे एम.डी.

जन्मभर मी ऱ्हस्व-दीर्घ शिकवलं. थर्मामीटरसुद्धा मुलीकडून वाचून घेतो.

"माझं नाव काढा," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "आणि तो आकडा..."

"आजच करतो, काका. तुम्ही निर्धास्त जा."

संध्याकाळी शुद्धिपत्र आलं : 'लेखातील दोन अनावश्यक वाक्ये वगळण्यात आली आहेत.'

पंचवीस तसेच होते. मीही तसाच, एम.डी.सकट.

आयुष्यात कधी कुणाविरुद्ध तक्रार केली नव्हती. सात वेळा खोडून एक लिहिली आणि मेट्रनबाईंना द्यायला वॉर्डात गेलो. बाई फेरीवर होत्या. मी दाराशी चोरासारखा उभा राहिलो.

औषधांच्या कपाटावर तो पहिला, चुकलेला कागद चिकटपट्टीनं लावलेला होता. माझ्या वाक्यांभोवती लाल गोल.

एक कोवळी नर्स सिरिंज घेऊन आली. कागदापुढे थांबली, ओठ हलवत वाचलं. मग सिरिंज ट्रेमध्ये ठेवून तिनं फोन उचलला.

"डॉक्टर, एक विचारायचं होतं..."