बाहुलीचे डोळे

हैदराबादच्या एका संग्रहासाठी गावोगावच्या बाहुल्यांची जलरंगात चित्रं काढत वामन मास्तर वाटूरला आले. नंदाबाईनं बाहुली दाखवली, पण आधीच बजावलं, "चित्र काढा बराबर. बाहुली देणार न्हाई."

चिंध्यांची बाहुली. अंगात खणाची चोळी, काळ्या दोऱ्याची वेणी. नंदाबाईच्या लेकीनं, गोदीनं शिवलेली. गोदी उन्हाळ्यात पटकीनं गेली. नंदाबाई रडली नव्हती. जात्यावर बसली तरी ओवी तोंडात येत नव्हती, नुसतं पीठ पडत होतं.

मास्तरांनी चित्र पुढं धरलं. चित्रातल्या बाहुलीला दोन टपोरे डोळे होते; खऱ्या बाहुलीला डोळेच नव्हते.

"हे कुठून आले?" नंदाबाईनं विचारलं.

"काढायचे राहिलेत असं वाटलं. म्हणून मी काढले."

शेजारची दुर्गाबाई म्हणाली, "अवं मास्तर, आमच्यात बाहुलीचं लगीन लागल्यावरच काजळानं डोळे काढतेत. डोळे उघडले की ती सासरी जाती. तुम्ही तर बिनवाजंत्र्याचं लगीन उरकलं."

मास्तर ओशाळले. त्यांनी ओला बोळा फिरवला, पण कागदावर करडे डाग उरले.

"ऱ्हाऊ द्या," नंदाबाई म्हणाली. "उघडले ते उघडले."

तिनं घरातून काजळाची डबी आणली आणि बोटानं बाहुलीचे डोळे काढले. मग फडक्यात खोबऱ्याची वाटी घालून तिची ओटी भरली आणि बाहुली मास्तरांच्या हातात दिली.

"पण तुम्ही तर देणार नव्हता."

"लगीन झालेली लेक कोणी ठिवून घेतं का, भाऊ?" ती म्हणाली. "पेटीत घालू नका तिला. वरच ऱ्हाऊ द्या. जाता जाता गाव बघंल."