वरचा एक रुपया

समुद्रपूरच्या तहसिलीसमोर माझं टेबल आहे. स्टॅम्पपेपर, अर्ज, तडजोडी, आणि अक्षरी रक्कम लिहिताना ज्यांना घाम फुटतो त्यांचे चेक. आकडा माणूस बेधडक टाकतो. तीच रक्कम अक्षरांत लिहायची म्हटली की हात अडतो, कारण अक्षरांत ती ऐकू येते. म्हणून तडजोडीचा चेक असला की माझा नियम ठरलेला: अक्षरी ओळ देणाऱ्यानंच लिहायची आणि घेणाऱ्याकडच्या कोणीतरी ती मोठ्यानं वाचायची. मागून ‘मले मालूमच नव्हतं’ म्हणायला जागा राहत नाही.

मारामारीचे भावही मला पाठ आहेत. दात स्वस्त. डोकं फुटलं तर टाक्यांवर. हाताचं मात्र कोणता हात ते विचारून ठरतं. श्रावणचा उजवा होता.

विहीर सामाईक, मोटार लावायची पाळी श्रावणची, आणि भूपेंद्रला नेमकं त्याच दिवशी पाणी पाहिजे. तोंडानं सुरू झालेलं सब्बलीवर, लोखंडी पहारीवर, गेलं. डोक्यावरचा घाव अडवायला श्रावणनं हात वर केला, तो कोपराखाली मोडला. तो पडल्यावर भूपेंद्रनं त्याच हातावर पुन्हा सब्बल घातली. पहिला घाव रागात खपतो, दुसऱ्याचे पैसे लागतात. हे भूपेंद्रला नाही, पण त्याच्या बापाला, अण्णाजींना, लगेच उमगलं. सव्वा लाखावर सौदा झाला.

श्रावणच्या आईला, कमलाबाईला, वर्ध्याच्या डॉक्टरनं बजावलं होतं: सोमवारी ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवली नाही तर हाड वाकडं जुळेल, मग त्या हातानं घास उचलला तरी पुष्कळ. तो शुक्रवार होता, आणि ऑपरेशनचा खर्च याच चेकातून भागायचा होता. म्हणून त्या दिवशी माझ्या टेबलाशी सर्वांत गोड बोलणारी तीच होती. पोराचा हात मोडणाऱ्याच्या बापाला तिनं स्वतःच्या हातानं चहा दिला.

अण्णाजींनी चष्मा पुसून ओळ लिहिली. श्रावणचा धाकटा भाऊ राकेश वाचायला उभा राहिला. गळ्यातल्या झोळीत प्लास्टर घेऊन श्रावण बाकावर बसला होता.

“एक लाख पंचवीस हजार...” राकेश थांबला. “एक? अण्णाजी, वरचा एक कायचा?”

अण्णाजींनी जीभ चावली. मला कळलं काय झालं ते. गावात कोणाचंही लग्न असो, आहेराची वही अण्णाजींपुढे असते. पाचशे एक, अकराशे एक. आहेराला वर एक लागतोच. देण्याघेण्याचं दार उघडं राहतं. पण मारामारीचा पैसा इकडे गोल देतात, तिथंच मिटावं म्हणून. त्यावर एक ठेवणं म्हणजे पुढच्या मारासाठी दार उघडं.

“हात वळला गा,” अण्णाजी म्हणाले. “आयुष्य आहेर लिहिण्यात गेलं. थांब, दुसरा लिहितो.”

“होते चुकी,” कमलाबाई घाईनं म्हणाली. “राकेश, चुप बस तू.”

अण्णाजींनी चेक रद्द करून नवं पान उलटलं. ‘एक लाख पंचवीस’पर्यंत पोचलेही. मिटत आलं होतं. पण बापामागे उभ्या भूपेंद्रला मिटलेलं सोसत नाही.

“राहू द्या ना बाबा, वरचा एक,” तो हसत म्हणाला. “डावा बाकी हाये त्याचा.”

माझे स्टॅम्पपेपर उडू नयेत म्हणून टेबलावर अर्धी वीट असते. राकेशनं ती उचलली आणि भूपेंद्रच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला. दुसऱ्यांदा उगारली तेव्हा अण्णाजी मध्ये आले आणि ती त्यांच्या कपाळावर बसली. म्हातारा खुर्चीसकट मागे गेला. कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा लाल झाला, चष्म्याची काच भुवईत रुतली.

भूपेंद्र राकेशवर गेला नाही. तो बाकाकडे वळला आणि श्रावणच्या प्लास्टरवर त्यानं बुटाची लाथ घातली. श्रावण ओरडला तसे तहसिलीतले लोक बाहेर आले.

कमलाबाई ना या पोराकडे गेली ना त्या. चेकबुक आणि पेन घेऊन ती अण्णाजींपाशी खाली बसली. पदरानं त्यांच्या डोळ्यातलं रक्त पुसून म्हणाली, “अण्णाजी, सही तेवढी टाका. बाकीचं हे टेबलवाले साहेब लिहीन. हात जोडतो तुम्हाले.”

म्हाताऱ्यानं पेन घेतलंही. अण्णाजींचा शब्द पक्का असतो, हे मी इतक्या वर्षांत पाहिलेलं आहे. पेनाचं टोक कागदाला लागलं, तेवढ्यात भूपेंद्रनं तिच्या मनगटावर पाय दिला, चेकबुक ओढलं, ते पान फाडलं, तोंडातलं रक्त तिच्यावर थुंकलं आणि बापाला ऑटोत घातलं.

“आता तुम्ही भरा,” तो म्हणाला. “माह्या बापाच्या डोक्याचे.”

ऑटो गेला. राकेश विटेसकट उभा होता, छाती फुगवून. “पाह्यलं ना आई? कसं लंबं केलं!”

कमलाबाईनं पायातली चप्पल काढली. पहिली त्याच्या गालावर, मग डोळ्यावर, मग जिथं लागेल तिथं.

“सोमवारी काय तुही इज्जत बांधू त्याच्या हाताले? बोल! बोल ना आता!”

चप्पल तुटली तशी ती मुठींनी मारू लागली. राकेशच्या नाकातून रक्त आलं. श्रावण डाव्या हातानं तिला ओढत होता, तिनं त्यालाही झिडकारलं. राकेशला धरायला चौकीचा शिपाई आला होता, तो चार पावलं अलीकडेच थांबला. आईचं आटोपेपर्यंत मध्ये पडायची त्याची छाती झाली नाही.