गाडी वळणार नाही

आमचे हे निवृत्त झाले, पण त्यांच्यातली बस काही निवृत्त झाली नाही. जन्मभर शहराची बस चालवलेला माणूस. आता पायी चालतानाही थांबा आला की पाय आपोआप थबकतात. कुणी चढणार असल्यासारखं मागे बघतात आणि मगच पुढे निघतात. मी मागून ‘चला, सुटली गाडी’ म्हटलं की रागावतात, पण निघतात.

हे माझ्या लक्षात आलं ते घर शोधताना. आमच्या घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांना आमच्या खोल्या हव्या झाल्या. महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. भला माणूस, त्याला नावं ठेवणार नाही. लेक म्हणाली, “शोधताय कशाला? इकडेच या दोघं. मागची खोली रिकामीच आहे.”

लेक गुणाची, जावई तिच्याहून गुणाचा. तरी मी लेकीच्या स्वयंपाकघरात पाहुणी आणि हे जावयाच्या बैठकीत पाहुणे, असं किती दिवस चालणार? पण खरी भीती वेगळीच होती. निवृत्तीनंतर हे खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले ते कितीतरी दिवस हललेच नव्हते. जेवायला हाक मारली तर ‘हं’ म्हणायचे आणि तिथेच बसून राहायचे. लेकीच्या गावात तर शहरी बससुद्धा नाही. तिथल्या खुर्चीत एकदा बसले की हा माणूस पुन्हा उठायचा नाही, असं मला वाटत होतं. आणि हे लेकीला सांगता येत नव्हतं.

म्हणून रोज सकाळी चहा झाला की मी त्यांना बाहेर काढायची.

“घर शोधायला पायपीट कशाला? अख्खं शहर पाठ आहे मला,” हे म्हणायचे. पाठ होता तो बसचा मार्ग. त्या मार्गावरची घरं आम्हाला परवडणारी नव्हती, आणि आतल्या गल्ल्यांत हे शिरायला तयार नव्हते. गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचे, मान तिरकी करून आत बघायचे आणि निकाल द्यायचे, “इथे नको. गाडी वळणार नाही.”

“अहो, आपण चालतोय!”

“तरी. आत गेलं की मागे घेणं अवघड.”

“मी जाड आहे, मान्य. पण बसएवढी नाही. वळेन मी.”

हसायचे, पण पाऊल काही आत टाकायचे नाहीत. असे आठवडे गेले आणि महिनाअखेर तोंडावर आली. लेकीनं मागच्या खोलीला नवा पडदासुद्धा लावला.

त्या दिवशी आम्ही वळणावरच्या थांब्यापर्यंत गेलो. तिथे रस्ता एकदम काटकोनात वळतो आणि कडेला उंच विटांची भिंत आहे. भिंतीच्या टोकाला एक माणूस जाईल एवढी फट होती. तिथून ताज्या लाकडाच्या भुशाचा वास येत होता. माझे गुडघे बोलायला लागले होते आणि डोकंही तापलं होतं. मी सरळ आत शिरले.

“अगं, ते गोदाम आहे! मागे काही नाहीये!”

“बघते तरी, काही नाही म्हणजे कसं दिसतं ते!”

नाइलाजानं मागोमाग आले. आत अख्खी वस्ती होती. कठड्यांवर चादरी वाळत होत्या, कुणी खुर्चीला वेत विणत होतं, एका हातगाडीत मांजर झोपलं होतं. हे गल्लीच्या मधोमध उभे राहिले.

“इतकी वर्षं मी ह्या गल्लीच्या अंगावरून गेलो,” ते म्हणाले.

“काखेत कळसा,” मी म्हटलं. पुढचं बोलले नाही, चेहराच तसा झाला होता त्यांचा.

भुशाचा वास एका फ्रेमवालीच्या दुकानातून येत होता. आमच्याच वयाची बाई, कमरेला जाड कापड बांधलेलं. भिंतीलगतच्या टेबलावर ती काच कापत होती. काच कापायची हिरकणी पट्टीच्या कडेनं सरळ चालली होती. खोली मिळेल का, हे विचारायला मी तोंड उघडलं, तोच भिंतीपलीकडून बस गेली. टेबल थरथरलं, रेघ वाकडी झाली आणि काच भलतीकडेच तडकली.

“हा नवा ड्रायव्हर मुका आहे मेला!” बाई कडाडली. “आधीचा एक होता, वळणाआधी हॉर्न द्यायचा. एक लांब, एक आखूड. ऐकला की मी हात उचलायचे, बस गेली की पुन्हा रेघ. त्याची पाळी असेल तेव्हाच मोठ्या काचा काढायचे मी. कुठे गेला कोण जाणे. असेल तिथे सुखात राहो!”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आपल्या बुटांकडे बघत होते. कान लाल झाले होते. ह्या हॉर्नवरून कंडक्टरनं त्यांना जन्मभर चिडवलं होतं, ‘भिंतीला सलाम ठोकता का?’ म्हणून. मीही हसले होते.

“कुठे जातोय?” मी म्हटलं. “हा काय, तुमच्या दारात उभा आहे.”

बाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “एक लांब, एक आखूड?”

“आंधळं वळण आहे ते,” हे म्हणाले. “वाजवावंच लागतं. ऐकायला कुणी असो नसो.”

बाईनं हिरकणी ठेवली, हात पुसले आणि दुकानातलं एकुलतं एक स्टूल पुढे केलं. ह्यांना. मी उभीच. पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

तिच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. जिना चिंचोळा होता आणि मधेच वळत होता. हे पायथ्याशी थांबले, मान तिरकी करून वर बघितलं.

“वळेल,” हे म्हणाले.

वरच्या खिडकीतून भिंतीपलीकडचा रस्ता दिसतो. हे सकाळी तिथेच खुर्ची टाकून बसतात, पण आता हातात रबरी भोंगा असतो. लांबून बस दिसली की एक लांब, एक आखूड. खाली हात उचलला जातो. फ्रेमवाली म्हणते, मोठ्या काचा पुन्हा घ्यायला लागले. दुपारी आम्ही फिरायला जातो, जिथे बस वळणार नाही अशाच गल्ल्यांतून. तोंडाशी हे अजून थबकतात आणि मग माझ्याआधी आत शिरतात.

काल सकाळी लेकीचा फोन आला. “बाबांना दे ना जरा. खुर्चीतच बसून असतील.”

“खुर्चीतच आहेत,” मी म्हटलं. “पण आत्ता नाही बोलता यायचं. ड्युटीवर आहेत.”