अर्धं बॉनेट

कल्याण शेलार गाडीतून उतरला आणि आमोसच्या हातातली पाण्याची प्रेशर गन जागच्या जागी थांबली. अकरा वर्षं! अकरा वर्षं ज्या तोंडाची वाट बघितली, ते तोंड स्वतःच्या पायांनी केडगावच्या वॉशिंग सेंटरवर चालत आलं होतं, आणि वर दात काढून हसत होतं.

"अरे आमोस, तू व्हय! हे सेंटर तुझं? बरं झालं बाबा, आपलाच माणूस निघाला."

आपला माणूस म्हणे! आमोसच्या अंगाची लाही लाही झाली. नागापूरच्या एका कारखान्यात तो पेंट शॉपला होता, तेव्हा हा कल्याण त्याचा सुपरवायझर. स्टोअरमधून थिनरचे डबे गायब व्हायला लागले आणि ह्यानं आमोसचं नाव सांगितलं. सुट्टी झाली तसं गेटवर, सगळी शिफ्ट बघत असताना, आमोसची पिशवी उलटी करायला लावली. निघालं काय, तर जेवणाचा डबा आणि घामट बनियन. तरी हा म्हणतो कसा, "आज नाही सापडलं म्हणून काय झालं? नेताना मी डोळ्यांनी बघितलंय." झालं, नोकरी गेली. वर्षभरानं एका गॅरेजवाल्यानं बोलता बोलता सांगून टाकलं की त्याला स्वस्तात थिनर आणून द्यायचा तो कल्याण शेलारच. पण तोवर ऐकून घ्यायला कोण बसलंय?

नोकरीचं आमोसला इतकं काही वाटलं नाही. हातात काम होतं, पोट भरलं. जिव्हारी लागलं ते बाबांचं. बाबा, म्हणजे इमॅन्युएल मास्तर, तीस वर्षं चर्चमध्ये अर्पणाची थैली फिरवायचे. त्या प्रकारानंतरच्या रविवारी ते थैली घेऊन निघाले, दोन बाकं झाली, तिसऱ्या बाकावरच्या एका बाईनं थैलीत नोट टाकली आणि वळून आमोसकडं बघितलं. मास्तरांनी तिथंच थैली दुसऱ्याच्या हातात दिली आणि सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसले. परत कधी पुढं आले नाहीत. घरीही त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. बाबांना आपण चोर वाटतो का, हे विचारायची आमोसची छाती कधी झाली नाही. मास्तर आता ब्याऐंशीचे होते, रोज सेंटरवर येऊन खुर्ची टाकून बसायचे. त्यांचे डोळे मिटायच्या आत ह्या माणसानं त्यांच्यासमोर उभं राहून खरं सांगावं, एवढंच आमोसला हवं होतं.

"काय करायचंय?" त्यानं विचारलं.

गाडी निळी होती म्हणे. दोन वर्षं कोपरगावला कल्याणच्या भावाच्या दारात कडुनिंबाखाली उभी होती. साखर कारखान्याची काजळी, झाडाचा चीक आणि पाखरांची घाण, सगळं उन्हात भाजून रंगावर बसलं होतं. "विकायला काढलीय. चार वाजता गिऱ्हाईक इथंच येणार आहे. तुमचे ते डेअरीवाले आप्पासाहेब. फार खर्चात नको पाडू. वरच्यावर वॅक्स मारून चकाचक करून टाक."

"घाणीवर वॅक्स मारलं तर घाणच चमकंल, साहेब. बसा तिकडं. चारच्या आत करतो."

आणि तो कामाला लागला. आधी नुसत्या पाण्यानं भिजवलं, मग भांड्याच्या लिक्विड साबणानं धुऊन जुना तेलकटपणा काढला. डांबराचे ठिपके रॉकेलच्या बोळ्यानं पुसले. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून फिरवली. उघड्या हाताला कळत नाही ते पिशवीतून कळतं. रंग रव्यासारखा खरखरीत लागत होता. त्यासाठी क्ले नावाचा मऊ गोळा मिळतो. महाग पडतो म्हणून आमोस एकाचे चार तुकडे करायचा. साबणाचं पाणी मारत तो तुकडा हलक्या हातानं घासला, मग जुन्या बनियनवर घासून चमक आणणारं कंपाउंड घेतलं, आणि शेवटी वॅक्स. पण हे सगळं अर्ध्याच बॉनेटवर. नव्या गिऱ्हाइकाला फरक दाखवायला तो नेहमीच मधोमध टेप लावून आधी एक बाजू करायचा. आज टेप लावताना मात्र त्याचा हात जरा जास्तच दाबून फिरला.

पावणेचारला त्यानं टेप ओढून काढली. एका बाजूला आरशासारखा निळा रंग, त्यात वरचा पत्रा दिसत होता. दुसऱ्या बाजूला राखेत लोळलेलं गाढव.

"वा रे पठ्ठ्या!" कल्याण खूश झाला. "आता उरलेली घे पटापटा."

आमोसनं हात पुसले. गाडीची किल्ली खिशात टाकली. "घेतो की. आधी एक काम करा. तिथं खुर्चीत माझे बाबा बसलेत. त्यांना सांगून या, थिनर कुणी नेला ते."

कल्याणचं हसू मावळलं. "येडा झाला का तू? मेलेलं मढं कशाला उकरतोस? दे किल्ली, मी दुसरीकडं नेतो."

"ही घ्या. न्या, अशीच न्या. मघाशी सगळीच काळी हुती, मानूस म्हनला असता धूळ हाय. आता मधोमध रेघ पडलीय. आप्पासाहेबांना सांगा काय ती." त्याला आतून असं काही बरं वाटत होतं की विचारता सोय नाही. "सांगून आलात तर आप्पासाहेबांना चहाला बसवतो आणि चाळीस मिनिटांत अख्खी गाडी अशी करून देतो. शब्द हाय माझा."

कल्याणनं किल्लीकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, बॉनेटकडं बघितलं. दात खात खुर्चीपाशी गेला.

"मास्तर, ते थिनरचं... आमोसनं नव्हता नेला."

मास्तरांनी कानामागं हात धरला. "काय?"

"आमोसनं नव्हता नेला!"

"कुणी नव्हता नेला?"

"मोठ्यानं बोला साहेब, त्यांना कमी ऐकू येतं," आमोस मागून म्हणाला. तेवढ्यात आप्पासाहेबांची मोटारसायकल आत शिरली. शेजारच्या चहाच्या टपरीवरची माणसं कप हातात घेऊन उठून उभी राहिली होती.

"आमोसनं नाही!" कल्याणचा आवाज फाटला. "मी नेला! डबे मी नेले आणि ह्याचं खोटंच नाव सांगितलं! मी! आलं का ऐकू?"

रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. आप्पासाहेब खाली उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवरच्या रेघेवर बोट ठेवलं आणि कल्याणकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "गाडी बरी हाय. कळवतो," म्हणाले आणि मोटारसायकल वळवून गेले. त्या 'कळवतो'चा अर्थ टपरीवरच्या सगळ्यांना समजला. कल्याण मटकन बाकड्यावर बसला. बस, लेका, बस! आमोसला वाटलं, अजून दहा आप्पासाहेब यायला हवे होते.

तो बाबांच्या पायाशी उकिडवा बसला आणि कानाशी ओरडला, "बाबा, ऐकलंत ना? त्योच हुता!"

"ओरडू नको रे. पहिल्यांदाच ऐकू आलं होतं मला."

"आँ? मग परत परत का विचारलं?"

"त्यानं ओरडावं म्हणून."

"बाबा, तुमाला कधी वाटलं का... की मी..."

"खुळा आहेस का? मी लाजून मागं बसलो नाही. पुढं राहिलो असतो तर एकेकाचं नाव घेऊन भांडलो असतो, म्हणून बसलो." मास्तर काठीवर जोर देऊन उठले. "इथं किती जणांनी ऐकलं?"

"आठ-दहा."

"रविवारी सकाळी चर्चमध्ये दोनशे असतात. तिथं येऊन सांगू दे त्याला. उरलेली गाडी मग धू."

"न्हाई बाबा, मी शब्द दिलाय त्याला."

"तू दिलास. मी नाही दिला," मास्तर म्हणाले आणि त्यांनी हात पुढं केला. "किल्ली आण इकडं."