लिहून द्यायचं नाही

राउंड संपवून डॉक्टर लॉर्ना पाव्लिक वॉर्डाबाहेर पडली, तोच सरकारी रुग्णालयाच्या वकिलाने, केसलरने, तिला गाठलं. "डॉक्टर, ग्वेनच्या क्लिनिकसाठी दिलेली सही मागे घ्या. नाहीतर इथली नोकरी सोडा."

ओहायोतल्या त्या गावात ग्वेन टार्व्हर गर्भपाताचं क्लिनिक चालवायची. तिथे काही बिघडलं तर पेशंट आपण हाती घेऊ, असं लॉर्नाने लिहून दिलं होतं. त्याशिवाय क्लिनिकला ऑपरेशनचा परवाना मिळत नव्हता. नव्या कायद्याने सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना नेमकी असं लिहून द्यायलाच मनाई केली होती.

"आणि तिकडची एखादी बाई रक्तस्राव होत इथे आली, तर?"

"तर बघायलाच लागेल. तोही कायदाच. फक्त, 'बघेन' असं आधी लिहून द्यायचं नाही."

"बोलताना हसू नाही येत तुम्हाला?"

"घरी गेल्यावर येतं," केसलर म्हणाला.

दिवसभर लॉर्नाला एका जागी बसवेना. कॉफी ओतून ठेवली, ती तशीच गार झाली. एका जुळ्यांच्या आईला तिने तोच प्रश्न दोनदा विचारला. संध्याकाळी गाडी घराकडे वळवायची सोडून ती क्लिनिकवर गेली. फाटकाशी गर्भपाताविरुद्ध निदर्शनं करणारे फलकवाले आवरत होते. आत ग्वेन उभ्याउभ्याच पिएरोगीच्या गार उकडलेल्या करंज्या खात होती.

"सही द्यायला दुसरा कुणी डॉक्टर मिळाला?"

"एक तयार होता. बायको नको म्हणाली. हे फलकवाले तिच्या दारात नकोत."

लॉर्ना खिडकीपर्यंत गेली, परत आली. "माग ना काहीतरी माझ्याकडे! नोकरी सोड म्हण."

"आणि तुझ्या त्या अडलेल्या बाळंतिणी कुणाच्या गळ्यात घालू? बस गं, चक्कर येतेय मला तुझ्याकडे बघून."

लॉर्ना बसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने सही मागे घेतली आणि महिनाभर ग्वेनला फोन करायचं टाळलं. क्लिनिकचं ऑपरेशन थिएटर बंद पडलं. ग्वेन बायकांना शेजारच्या राज्यात, मिशिगनला धाडू लागली.

मे महिन्यात त्यांतलीच एक, डार्सी नावाची बाई, परतीच्या वाटेवर गाडीतच रक्तस्राव सुरू झाला म्हणून लॉर्नासमोर आली. कुणी कसला कागद विचारला नाही. लॉर्नाने तिला तडक आत घेतलं, रक्त थांबवलं.

शुद्धीवर आल्यावर डार्सी पुटपुटली, "एवढं जवळ तुम्ही होतात, तर मला इतक्या लांब का पाठवलं?"

"मी सही मागे घेतली म्हणून," लॉर्ना म्हणाली. पुढे कायद्याचं काही सांगायला तिची जीभ रेटेना.

कॉरिडॉरमध्ये येऊन तिने फोन लावला. "ग्वेन, तुझी डार्सी इथे आहे."

"बरी आहे का?"

"बरी आहे. ग्वेन, मी..."

"ते नंतर. उद्या तिघी मिशिगनला जायच्यात. गाडी आहे, पण चालवायला कुणी नाही. उद्या शनिवार, तुला सुट्टी असते ना? चालवशील?"

"किती वाजता येऊ?" लॉर्नाने विचारलं.