दातेरी कडं

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ताईच्या बोटांतून रायफलच्या दुर्बिणीचा नॉब तिसऱ्यांदा निसटला. नेमबाजी संघाची निवड चाचणी दहाला होती. वारा बदलला की नॉब फिरवून नेम सरकवावा लागतो आणि अंगठ्याच्या ऑपरेशननंतर तिला तेच जमत नव्हतं. म्हणून लेथवर काम करणाऱ्या धाकट्या भावाने नॉबवर बसणारं जाड कडं बनवलं होतं. पण कारागिराच्या सवयीने घासून आरशासारखं चकचकीत केलं होतं.

“शोकेसमध्ये ठेवायचंय का रे, शहाण्या? घामाने सटकतंय!”

“मग तोंड बघ त्यात,” तो म्हणाला. पण कडं घेऊन कारखान्यात पळाला आणि त्यावर खरबरीत दात पाडून नऊच्या आत परतला.

ताईने डोळे मिटून नॉब फिरवला. प्रत्येक ‘टक्’ बोटाला कळला.

“आता मला कोण बाहेर ठेवतं, बघतेच.”

रायफलला बसवलेला असा जोड पंचांनी तपासून मंजूर केला तरच चालतो. साडेनऊला चाचणीच्या मैदानावर पंच रायफल घेऊन आत गेले. पावणेदहाला कोण कितवा नेम धरणार याची यादी लागली. ताईचा नंबर तिसरा होता आणि रायफल आत असलेल्या पंचांच्या खोलीचं दार बंदच होतं.