तोल देणारं कडं

सभागृहात खुर्च्या तीनशे आणि माणसं पाचशे. बसायला न मिळालेली दोनशे भिंतीला टेकून, माना उंच करकरून व्यासपीठाकडे बघत होती. व्यासपीठावर पांढराशुभ्र झगा घातलेले स्थिरगुरू उभे होते आणि त्यांच्यापुढे काटेकाकांचा मुलगा. गोदामात पोत्यांच्या थप्प्या लावणारा सहा फुटी गडी, पण इतक्या लोकांसमोर उभं राहायचं म्हणून घामाघूम झाला होता.

"पाय जुळवा. उजवा हात बाजूला सरळ पसरा," स्थिरगुरू म्हणाले. "मी फक्त दोन बोटं टेकवणार. तुम्ही पडायचं नाही."

दोन बोटं मनगटावर टेकली आणि सहा फुटी गडी कोलमडला. सेवकांनी त्याला वरच्यावर धरलं. सभागृहात हशा पिकला. मग स्थिरगुरूंनी तांब्याचं एक कडं सगळ्यांना दाखवलं आणि त्याच्या मनगटात चढवलं. पुन्हा पाय जुळले, पुन्हा हात पसरला. या खेपेला गुरू दोन बोटांवर थांबले नाहीत. दोन्ही हातांनी, तोंड लाल होईस्तोवर, त्याच्या दंडाला अक्षरशः लोंबकळले. गडी जागचा हलला नाही. टाळ्या थांबेनात.

"शरीर म्हणजे तराजू," स्थिरगुरूंनी टाळ्या ओसरायची वाट बघून सुरू केलं. "डावं पारडं, उजवं पारडं, आणि मधली सुई म्हणजे श्रद्धा. आजार आला की सुई ढळते. हे कडं भूगर्भातली स्थिरलहर खेचून घेतं आणि सुई जागेवर आणतं. विज्ञानाला अजून ही लहर सापडलेली नाही. विज्ञान लहान आहे, वाढेल हळूहळू."

पहिल्या रांगेत, आजारी माणसांसाठी राखलेल्या खुर्च्यांपैकी एकीत काटेकाका बसले होते. पस्तीस वर्षं त्यांनी तराजू दुरुस्त केले. शहरातल्या निम्म्या दुकानांच्या दांड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. पारड्याच्या पोटाला कुणी मेण चिकटवलंय हे त्यांना दारातूनच कळतं, अशी ख्याती होती, आणि मापात पाप करणारे दुकानदार त्यांना वचकून असत. त्यांनी पितळेच्या सुया पाहिल्या होत्या, पोलादाच्या पाहिल्या होत्या. श्रद्धेची सुई त्यांनी आजच ऐकली. पाच महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि जगाचा तोल तपासणाऱ्या माणसाचा स्वतःचाच तोल गेला. डावा पाय उचलला जाई, पण कुठे पडला याची खबर डोक्यापर्यंत पोचत नसे. जीभही जड झाली होती. एक वाक्य बोलायचं तर समोरच्यानं चहा संपवावा इतका वेळ लागे.

मुलगा खाली आला तो डोळे भरूनच. "अण्णा, माझ्या स्वतःच्या अंगावर अनुभवलं. आत काहीतरी उतरलं."

या मुलाला मूर्ख म्हणणं सोपं आहे, पण तो मूर्ख नव्हता. पाच महिने घरून फोन आला की गोदामात हातातलं पोतं टाकून तो फोनकडे धावायचा. अण्णा पुन्हा पडले असतील, या वेळी उठले नसतील. असल्या धास्तीत जगणाऱ्याला कुणी एक कडं दाखवून म्हणालं, की हे घाला आणि निर्धास्त व्हा, तर तो तर्काच्या पाट्या वाचत बसत नाही.

मुलानं तिथल्या तिथे वडिलांसाठी एक कडं घेतलं. कड्याला नियम होता. चार आठवडे वॉकर बंद, काठी बंद, व्यायाम बंद. "आधार घेतला की कडं झोपतं," सेवकानं बजावलं. पाचव्या रविवारी काकांनी व्यासपीठावर सगळ्यांदेखत दहा पावलं चालायची. मुलानं त्याच संध्याकाळी वॉकर माळ्यावर टाकला आणि व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओ मॅडमना येऊ नका म्हणून कळवलं.

पहिल्या आठवड्यात काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडले. गुडघा फुटला. मुलानं सेवकाला फोन लावला, आणि फोन ठेवून वडिलांसमोर येऊन बसला.

"अण्णा, खरं सांगा. मनात शंका होती का?"

"पाय... अडकला. उंबऱ्याला."

"ते झालंच. पण मनात?"

"मनात... वॉकर होता. वॉकर दे."

"हीच ती शंका," मुलगा म्हणाला. रागानं नाही, रडकुंडीला येऊन म्हणाला, आणि तेच जास्त वाईट होतं.

दुसऱ्या आठवड्यात ते न्हाणीघरात पडले. कपाळाला पाच टाके पडले. डॉक्टर टाके घालताना ओरडले, "वॉकर कुठाय यांचा?" मुलानं बाहेर येऊन सेवकाला फोन लावला. सेवकाचं उत्तर ठरलेलंच होतं: शंका खोल आहे, वेळ लागेल.

त्यानंतर काकूंनी आपला उपाय काढला. काकांची खुर्ची भिंतीच्या कोपऱ्यात सरकवली आणि जेवणाचं जड टेबल समोर असं आणून लावलं, की दोन्ही बाजूंना भिंत, मागे कोपरा आणि पोटाशी टेबल. आता पडायला जागाच नव्हती. उठायलाही नव्हती. कपबशी टेबलावर, औषधं टेबलावर, वर्तमानपत्र टेबलावर. लघवीला जायचं तर हाक मारायची. काकू नळावर असल्या की हाक ऐकू जात नसे, आणि मग जे व्हायचं ते व्हायचं. त्यानंतर काकू खुर्चीवरची चादर बदलत, आणि पस्तीस वर्षं दुकानदारांना दरडावणारा माणूस भिंतीकडे तोंड करून बसे.

त्यांना सगळ्यांत जास्त काय छळत होतं? पडण्याची भीती तर होतीच. पण त्याहून मोठा पेच असा, की त्यातून बाहेर पडायला तोंडच नव्हतं. गप्प बसावं तर रविवारी दहा पावलं, आणि तिसऱ्या पावलाला आपण जाणार हे त्यांना पक्कं ठाऊक. बोलावं तर ती शंका. चिडावं तर ती मोठी शंका. आणि रात्रंदिवस तेच तेच ऐकून त्यांना स्वतःलाही वाटू लागलं होतं, की असेल बुवा, आपल्याच मनात खोट असेल.

चौथ्या आठवड्यात फिजिओ मॅडम आल्या. व्यायामाला नव्हे, त्यांचा कंबरपट्टा राहिला होता तो न्यायला. रोग्याच्या कमरेला बांधायचा, मागे धरायला कडी असलेला रुंद पट्टा. त्यांनी टेबलाआड बसलेले काका पाहिले आणि पट्टा विसरून गेल्या.

"काकू, हे काय? माणूस आहे की कपाट?"

"मग काय करू सांगा," काकू फणकारल्या, आणि लगेच पदर डोळ्यांना लावला. "काल पलंगावरून उठवताना माझ्याच हातून पडत होते. चांगला हात धरला होता मी, घट्ट."

"हात धरलात म्हणूनच पडत होते." मॅडमनी टेबल ओढून बाजूला केलं. "बघा इकडे. तुम्ही उभ्या राहा. मी तुमचं मनगट धरून बाहेर ओढते." काकू तिरक्या झाल्या. "आता कमरेपाशी धरते. कलून बघा आता. पडता? नाही ना. टोकाला धरलं की माणूस जातो, मध्याशी धरलं की सावरतो. म्हणून तर हा पट्टा."

काका बघत होते. त्यांच्या वाकड्या ओठांतून एक विचित्र आवाज आला. काकू घाबरल्या, त्यांना वाटलं, पुन्हा झटका. पण काका हसत होते. सहा महिन्यांत पहिल्यांदाच.

"काटा..." ते म्हणाले. "काटा मारला त्यानं. माझ्या... पोरावर."

रविवारी सभागृह आधीपेक्षा जास्त भरलं होतं. सेवकांनी काकांना खुर्चीसकट व्यासपीठावर उचलून ठेवलं. समोर खडूनं दहा रेघा मारलेल्या होत्या. मुलगा सावरायला म्हणून बाजूला उभा होता, पांढराफटक.

"उठा," स्थिरगुरू मायेनं म्हणाले. "कडं जागं आहे."

"आधी... अनुभव सांगतो," काका म्हणाले.

अनुभव म्हटल्यावर गुरूंची कळी खुलली. ध्वनिक्षेपक स्वतःच्या हातानं काकांच्या तोंडाशी धरला. काकांनी आपल्या मनगटातलं कडं उजव्या हाताला दातांची मदत घेऊन काढलं आणि मुलाला दिलं.

"घाल. पाय जुळव. हात पसर."

मुलाला वाटलं, अण्णांना शेवटी प्रचिती आली. त्यानं कडं घातलं आणि ताठ उभा राहिला. काकांनी बसल्या जागेवरून आपला धड असलेला उजवा हात वर केला, दोन बोटं त्याच्या मनगटावर ठेवली आणि दाबता दाबता किंचित बाहेर, स्वतःकडे घेतली. सहा फुटी गडी, कड्यासकट, वडिलांच्या मांडीवर आला.

"अण्णा, तुम्ही ओढलंत," मुलगा पुटपुटला.

"त्यानं पण... ओढलं होतं. आता कडं काढ."

कडं काढून मुलगा पुन्हा उभा राहिला. या वेळी काकांनी त्याचा हात कोपराच्या वर, खांद्याजवळ धरला, आत, पायांच्या दिशेनं दाब दिला आणि सगळं अंग टाकलं. खुर्चीतून अर्धे उठले, इतकं टाकलं. मुलगा खांबासारखा उभा. त्याच्या हातात कडं नव्हतं, आणि अंगात काही उतरलंही नव्हतं.

"दांडीच्या टोकाला... छटाक ठेवा, दांडी झुकते," काका म्हणाले. घाम फुटला होता, पण शब्द आज ऐकत होते. "मधल्या खुंट्याजवळ... पाच किलो ठेवा, हलत नाही. तराजूवाल्याला हे... शाळेत जायच्या आधी कळतं. पहिल्यांदा टोकाला धरायचं. कडं घातलं की खुंट्याजवळ. आणि दुसऱ्या वेळी माणूसही... तयारीत असतो."

"वडिलांच्या शंकेची लहर मुलाला लागली," स्थिरगुरू घाईघाईनं म्हणाले. "असं होतं कधीकधी."

"मग तुम्ही करा. तराजू तपासताना पारडी... बदलून बघतात. कडं घालून मनगटाला धरा. काढून... खांद्याजवळ."

"शक्तीची परीक्षा घ्यायची नसते."

"चाललो तर कड्यामुळं. पडलो तर... माझ्यामुळं," काका म्हणाले. "जो काटा कधी चुकतच नाही, चूक दर वेळी मालाची... असा काटा मी पस्तीस वर्षांत खरा पाहिला नाही. तो जप्त करतात."

इथे ध्वनिक्षेपक बंद पडला. वीज मात्र चालू होती. पण तोवर पहिल्या दोन रांगांनी सगळं ऐकलं होतं आणि मागच्या रांगा पुढच्यांना विचारत होत्या. तिसऱ्या रांगेतली एक बाई उभी राहिली. तिच्या हातातही कडं होतं, नवऱ्याचं असावं, कारण मनगटाला सैल होतं.

"माझे हे सहा आठवडे अंथरुणात आहेत," ती म्हणाली. "काठी सोडली आणि खुबा मोडला. मी रोज त्यांना विचारते, तुम्ही शंका का घेतलीत. म्हणजे त्यांनी घेतली नव्हती?"

"नाही, ताई," काका म्हणाले. "नुसती काठी नव्हती."

ती बाई खाली बसली आणि मोठ्यानं रडू लागली. स्थिरगुरूंना तिच्याकडे बघायला सवड नव्हती. सेवक कड्यांची पेटी उचलत होते.

मुलानं वडिलांच्या कमरेला मागून, फिजिओ मॅडमनी काकूंना दाखवलं होतं तसं धरलं आणि एकेक पायरी उतरवून बाहेर आणलं. फाटकापर्यंत यायला पाऊण तास लागला. मध्ये दोनदा काका ढळले, दोनदा सावरले.

"अण्णा, एवढं कळलं होतं तर घरी का नाही बोललात?" मुलगा म्हणाला.

"बोललो होतो... वॉकर दे म्हणून. तू म्हणालास... हीच ती शंका."

मुलानं वडिलांची कंबर सोडली नाही, एवढंच.

काटेकाका त्यानंतर खडखडीत बरे झाले, असं लिहिलं तर ते दुसरं कडंच विकल्यासारखं होईल. ते आज वॉकर घेऊन चालतात. उंबरा काढून टाकलाय, न्हाणीघरात धरायला दांडा बसवलाय, आणि मॅडमनी त्यांना पडल्यावर जमिनीवरून खुर्ची धरून कसं उठायचं तेही शिकवलंय, कारण गेल्या महिन्यात ते पुन्हा पडले. अशी माणसं पडतात. तुमच्या घरी कुणी पडलं, तर फरशी ओली होती का ते विचारा, चप्पल कसली होती ते विचारा, पाय कुठे अडकला, उजेड होता का, आधार हाताशी होता का, ते विचारा. डॉक्टरांना विचारा. जमिनीवर पडलेल्या माणसाला तेवढं एक विचारू नका, की तुझा विश्वास कुठे कमी पडला. तो आधीच पडलेला असतो.